सासूबाईंचं नाक

आमच्या घरातलं भांडण भाजीवरून सुरू झालं. एक दिवस सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “याले काई चवच नाही वो. गवत शिजवल्यावानी लागते.”

वांग्याची भाजी होती. वांगी घरचीच, वरून जवसाचं कूट घातलेलं. मी ताटातली चिमूटभर उचलून चाखली. मीठ बरोबर होतं, तिखट बरोबर होतं. नवऱ्याने ती दोनदा मागून घेतली होती. मी लसणाची चटणी वाढली. दुसऱ्या दिवशी वरणाला चव नव्हती. तिसऱ्या दिवशी भात “पान्यासारखा” होता. आठवडाभरात नळावर पाणी भरताना शेजारच्या बाईने मला विचारलं, “काहून वो, सासूले शिळं वाढून राहिली का तू?”

मी गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. सकाळभर दुसऱ्यांच्या लेकरांना भरवते, त्यांची वजनं घेते, मोबाईलमध्ये भरते. नवरा गावच्या नळयोजनेची मोटार सांभाळतो, शिवाय दोन एकर धान आहे. तालुक्याचं गाव मोहाडी जवळच, त्यामुळे बाजार, दवाखाना, तहसील सगळं तिथेच. लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवणारं घरात कोणी नव्हतं. सासूबाई तर नव्हत्याच. मी केलेली कढी त्या वाटीला तोंड लावून प्यायच्या. म्हणून ते शिळ्याचं बोलणं मला फार लागलं. मी नळावरच त्या बाईशी भांडले आणि घरी येऊन भांडी आपटली.

सासूबाईंनी स्वयंपाकातच आयुष्य काढलं होतं. गावच्या शाळेत दुपारची खिचडी त्या करायच्या, वीसेक वर्षं. हे काम त्यांना मिळालं तेव्हा गावातली चार-पाच घरं रुसली होती. आमचा मोहल्ला बुद्धविहाराच्या मागचा. आमच्या हातचं आपल्या लेकरांनी का खायचं, असा त्यांचा प्रश्न. ती लेकरं घरून डबा आणायची आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून खायची. सासूबाईंनी कोणाला एक शब्द विचारला नाही. त्या रोज कांदा लाल करून, जिरं तडतडवून फोडणी घालायच्या आणि तो वास वर्गात शिरायचा. दोन महिन्यांत डबे बंद झाले. हे त्या स्वतः कधी सांगत नसत, मला नवऱ्याने सांगितलं.

गंजावरचं, म्हणजे खिचडीच्या पातेल्यावरचं, झाकण त्या उघडून पाहत नसत. मोठा अ‍ॅल्युमिनियमचा गंज, खाली लाकडं, आणि त्या बाजूला पाटावर बसून उद्याची डाळ निवडायच्या. मधेच उठून जाळ मागे ओढायच्या. मी एकदा विचारलं, “आई, तुमाले कसं समजते?” तर म्हणाल्या, “वाफ सांगते ना.” तांदळाचं नवीन पोतं आलं की मूठभर तांदूळ नाकाशी धरायच्या. पोत्याला ओल लागली असेल तर तिथेच कळायचं. मुख्याध्यापक त्यांना न विचारता पोतं उतरवून घेत नसत.

आणि त्याच सासूबाईंच्या शेजारी खिचडी करपली.

माझी अंगणवाडी शाळेच्याच आवारात आहे. त्या दिवशी मी लेकरांना गाणं शिकवत होते आणि करपल्याचा वास आला. आधी वाटलं, कोणी शेतात काही जाळलं असेल. मग वास वाढला तशी मी उठून पळाले. सासूबाई चुलीपासून दोन हातांवर बसून डाळ निवडत होत्या. गंजाखाली लाकडं धडधडत होती. झाकणाच्या कडेने काळपट वाफ निघत होती.

“आई!” मी ओरडले.

त्यांनी मान वर केली. “काय झालं वो? पळून काहून राहिली?”

मी पदराने गंज धरून खाली ओढला, हात भाजला. मुख्याध्यापक आले, मागून पोरं आली. एकाने नाक दाबलं, बाकीची हसली. सासूबाई गंजात वाकून पाहत होत्या. खालचा थर कोळसा झाला होता. त्या पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “कोनं जाळलं हे?”

मला वाटलं, ही बाई थट्टा करते आहे. त्या थट्टा करत नव्हत्या.

नंतर कळलं, त्या महिन्यातली ती तिसरी वेळ होती. आधीच्या दोन्ही वेळी मदतनीस बाईने वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढून वेळ निभावून नेली होती. आता मात्र शाळेच्या समितीची बैठक झाली. एक सदस्य म्हणाले, “आमी तं पहिलेच म्हनत होतो.” पहिले म्हणजे कधी आणि काय म्हणत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सांगितलं, “बाई, वय झालं आता. आराम करा.” सासूबाईंनी पदर सावरला आणि निघाल्या.

मला अजून राग येतो तो याचा. दर वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांची तपासणी व्हायची. नखं पाहायचे, हातावर खरूज आहे का पाहायचे, खोकला विचारायचे. जिचं सगळं काम नाकावर चालतं तिला कोणी कधी विचारलं नाही, बाई, वास येतो का? आणि मी? मी शेजारच्याच खोलीत होते. मीही विचारलं नाही.

घरी बसल्यावर जेवणाच्या तक्रारी वाढल्या. भाजीवर त्या वरून मीठ घ्यायच्या, मूठमूठ. मी मिठाचा डबा वर ठेवला तर शेजारी जाऊन मागायच्या. दूध नासलेलं असलं तरी पिऊन टाकायच्या आणि ताज्या भाकरीला म्हणायच्या, “शिळी आहे.” हळूहळू त्यांनी खाणंच कमी केलं. दोन घास खाऊन हात धुवायच्या. झंपर खांद्यावरून ओघळायला लागलं. लेकराचं वजन अर्धा किलो घटलं तर मी त्याच्या आईला बोलावून चार गोष्टी सुनावते, आणि माझ्या घरातली बाई वाळत होती तरी मला दिसत होतं फक्त तिचं तोंड. मी त्यांच्यासोबत जेवायला बसणं सोडलं होतं. वाढून द्यायचे आणि बाहेर निघून जायचे.

साकोलीची नणंद दिवाळीला आली. मोठी आहे माझ्याहून, मी ताई म्हणते. आईचे हाडकुळे हात पाहिले आणि अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलली, “माह्या आईले उपाशी मारून राहिले तुमी! अंगनवाडीतल्या पोट्ट्यायले बरोबर खाऊ घालतेस वो, घरात काय झालं?”

“ताई, तुमी चार दिवस राहून पाहा,” मी म्हणाले.

“पाहाले काय लागते? दिसून राहिलं ना मले!”

नवरा मोटार सुरू करायची आहे म्हणून निघून गेला. त्याची हीच पद्धत. मला त्या दिवशी ताईपेक्षा त्याचा संताप आला.

दिवाळीनंतर घरात घाण वास सुटला. सडल्यासारखा. आम्ही दोघांनी सगळीकडे शोधलं. दुसऱ्या दिवशी तर दारात उभं राहवेना. शेवटी सासूबाईंच्या खोलीत धानाच्या कोठीमागे मेलेला उंदीर सापडला, फुगलेला. त्यांची खाट त्या कोठीला लागून होती. त्या दोन रात्री तिथेच झोपल्या होत्या.

“आई, तुमाले वास नाही आला?”

“कायचा वास?”

नवरा उंदीर फावड्यावर घेऊन बाहेर गेला आणि मी तिथेच उभी राहिले. करपलेली खिचडी, नासलेलं दूध, चव नसलेली भाजी, सगळं एकदम डोक्यात आलं. त्याच दुपारी मी हिंगाची डबी, ठेचलेला लसूण आणि कपड्याच्या साबणाची वडी घेऊन त्यांच्यापुढे बसले. “डोळे मिटा आन सांगा हे काय आहे.”

हिंगाला त्या म्हणाल्या, “हळद?” लसणाला म्हणाल्या, “पावडर आहे, तोंडाले लावाची.” साबण नाकाशी धरला तेव्हा त्यांनी श्वास ओढला, पुन्हा ओढला, आणि डोळे उघडून माझा हात झटकला. “मी का पयलीतली पोट्टी आहो? परीक्षा घेऊन राहिली माही!” वडी उडून अंगणात पडली. त्यांचे डोळे भरले होते आणि माझे पण. पण आम्ही दोघी एकमेकींवर रागावलेल्याच राहिलो.

वास कधी गेला, हे त्यांनाही सांगता येईना. करोनाच्या वेळी दोघा मायलेकांना ताप आला होता, तेव्हा गेला असेल. किंवा आधीच हळूहळू गेला असेल. डोळ्यांपुढे अंधार झाला तर माणूस घाबरून ओरडतो, पण नाकाचं तसं नाही. त्यांना आपलं नाक गेलं असं कधी वाटलंच नाही, सुनेच्या हाताची चव गेली असंच वाटत राहिलं.

मोहाडीच्या डॉक्टरांनी नाकात टाकायचे थेंब दिले आणि भुकेचं टॉनिक दिलं. ते दोन बाटल्या घेतलं. मग भंडाऱ्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी घालून पाहिलं, नाक मोकळं आहे म्हणाले. मी म्हटलं, “डॉक्टर, वास अजिबात येत नाही.” ते म्हणाले, “या वयात कमी होतो. चष्मा लागतो तसंच.” “मग चष्म्यासारखं काही आहे का याला?” ते हसले. दारात आणखी वीस पेशंट होते. मी चिडून बाहेर आले तर नवरा म्हणाला, “म्या सांगतलं होतं ना, बुढापा आहे. नाकाचं एवढं काय घेऊन बसली? नाक नसलं तं मानूस मरत नाही.”

त्यानंतर ताई येऊन आईला साकोलीला घेऊन गेली. “महिनाभरात अंगावर मांस चढवून आनतो,” असं म्हणून गेली. मी बॅग भरून दिली आणि खरं सांगते, त्या गेल्यावर मी दार लावून दोन तास झोपले.

वीस दिवसांनी ताईचा फोन आला. आवाज बसलेला होता. “वहिनी, आई माह्या सासूसमोर म्हनते, पोरगी मले कच्चं खाऊ घालते. म्या काल सावजी मटन केलं तिच्यासाठी, थुकून टाकलं. आन वहिनी…” ती थांबली. “काल तिनं मले तीनदा विचारलं, हे कोनाचं घर आहे म्हनून.”

आपलं खरं ठरलं की बरं वाटतं, असं मला वाटायचं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर काहीच बरं वाटलं नाही. ताईने तिसऱ्या दिवशी आईला आणून सोडलं, माझ्याकडे न पाहता चहा प्यायली आणि बस पकडली.

घर कोणाचं हा प्रश्न आम्ही मनावर घेतला नाही. नवीन जागा होती, बावरल्या असतील, असं म्हणून सोडून दिलं. मग गॅसचं झालं. मी दुपारी घरी आले तर पायरीवरच गॅसचा वास. आत सासूबाई ओट्याला टेकून शांत बसल्या होत्या. शेगडीचं बटण उघडं होतं आणि त्यांच्या हातात काड्यांची पेटी होती. मी पेटी हिसकली, त्यांना ओढत बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडल्या. त्या माझ्यावर ओरडत होत्या, “चहा करून राहिली होती मी! चहाही करू नोको का?”

संध्याकाळी नवऱ्याने स्वयंपाकघराला कडी बसवली आणि कुलूप लावलं. मी म्हणाले, कुलूप नको. तो म्हणाला, “मंग घर उडालं तं?” किल्ली माझ्याच कमरेला आली. त्याच सुमारास अंगणातल्या पायरीवरून त्या घसरल्या, म्हणून बाहेर जाणंही बंद केलं. शेजारीपाजारी नको, कुठे मीठ मागतील. विहारात नको, रस्त्यात ट्रॅक्टर असतात. आम्ही त्यांना खुर्ची दिली, टीव्ही लावून दिला. सगळं त्यांच्या भल्यासाठी. तीन-चार महिन्यांत त्या खुर्चीतल्या खुर्चीत विझत गेल्या. बोलावल्याशिवाय बोलेनात. आंघोळ झाली की नाही ते आठवेना. दिवसातून दहादा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी जायच्या, कुलूप हातात धरून उभ्या राहायच्या आणि परत यायच्या. मी ते रोज पाहत होते आणि रोज चिडत होते, त्यांच्यावर, कुलपावर, नवऱ्यावर.

एक दिवस मीच म्हटलं, आता नागपूर. नवरा नाही म्हणाला. मी म्हटलं, मग मी एकटी नेते. तेव्हा तो मुकाट्याने आला.

तिथली डॉक्टरीण मेंदूची होती, माझ्याहून बरीच लहान वाटली. मी तिला सगळं नाकाचंच सांगत होते, कारण माझी तक्रार नाकाची होती. तिने मला थांबवलं नाही, हे मी विसरणार नाही. नंतर तिने खणातून छोट्या बाटल्या काढल्या. लवंग, कॉफी, लिंबाची साल. सासूबाईंनी प्रत्येकीला “दालचिनी” म्हटलं. मग तिने तीन शब्द सांगितले, थोड्या वेळाने विचारले. सासूबाईंना एकच आठवला. अशा तपासणीत कागदावर घड्याळ काढायला देतात म्हणे, ते तिने दिलं नाही. शिक्षण विचारलं होतं, तिसरी. ती म्हणाली, “आजी, तुम्ही शाळेत खिचडी करायच्या ना? मला सांगा, शंभर लेकरांची खिचडी कशी करायची? अगदी पहिल्यापासून.”

सासूबाई सरळ बसल्या. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं बसलेलं पाहिलं. “पहिले चूल पेटवा लागते. मंग तांदूर निवडा, दोन पान्यानं धुवा. डाळ अलग धुवा. मंग गंजात तेल टाका. मोहरी, जिरं, कांदा. कांदा लाल होऊ द्या. हळद, तिखट…” त्या थांबल्या. बोटं हवेत हलत होती. “मंग तेल टाका. मोहरी, जिरं, कांदा. कांदा लाल होऊ द्या…”

“मग?” डॉक्टरीण म्हणाली.

“मंग तेल टाका.”

“आणि पाणी कधी टाकायचं, आजी?”

“पानी?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “कोनतं पानी वो?”

नवरा खुर्चीवरून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी पदर तोंडात धरला.

मेंदूचा फोटो, रक्त, कान, डोळे, सगळं तपासून पुढच्या खेपेला तिने सांगितलं. विसरण्याचा आजार सुरू झाला आहे. वास ओळखणारा मेंदूचा भाग आणि आठवणी धरून ठेवणारा भाग शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे काही माणसांचा वास आधी जातो, कधी कधी कित्येक वर्षं आधी. सगळ्यांच्या बाबतीत तसं नसतं. सर्दीने जातो, तापाने जातो, नुसत्या वयानेही जातो. यांचा नेमका कशाने गेला ते आता कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. “पण जे दिसतंय ते सगळंच त्या आजाराचं नाही,” ती म्हणाली. जेवण तुटल्यामुळे बी-ट्वेल्व्ह खूप कमी झालं होतं, त्यानेही डोकं गोंधळतं, तोल जातो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दोन्ही कानांत मळ दगडासारखा बसला होता. “कमी दिसतं, कमी ऐकू येतं, खाणं नाही, चालणं नाही, बोलायला माणूस नाही. चांगल्या माणसाचाही मेंदू यात मंदावेल. हे सगळं दुरुस्त करू. आजार राहील, पण त्याच्यावरचा हा बोजा तरी उतरेल.”

मी विचारलं, “आम्ही सुरुवातीला, जेवणाच्या तक्रारी लागल्या तेव्हाच आलो असतो तर?”

ती म्हणाली, “आजार थांबला असता असं मी म्हणणार नाही. बाकीचं इतकं झालं नसतं.”

बसमध्ये नवरा बाहेर बघत बसला होता. भंडारा आलं तेव्हा म्हणाला, “नाकासाठी आलो होतो, आन हे डोक्याचं निघालं.” मला त्याला पुष्कळ बोलायचं होतं. नाक नसलं तर माणूस मरत नाही, हे त्याचंच वाक्य होतं. पण त्याचा हात आईच्या मनगटावर होता, घट्ट.

मग कामाला लागलो. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, कान साफ झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कान साफ झाले त्या दिवशी त्यांनी पंख्याकडे बोट दाखवून विचारलं, “हा कवापासून आवाज करून राहिला?” कुलूप मी काढून टाकलं आणि त्याऐवजी सिलिंडरचं तोंड बंद करून जायला लागले. अंगणात नवऱ्याने विटांची चूल मांडली. मी घरी असले की त्या तिच्यावर चहा करतात, भात लावतात. जाळ डोळ्यांना दिसतो, मी बाजूला असते. सकाळी त्यांना सोबत अंगणवाडीत नेते. लेकरांसाठी त्या तांदूळ निवडतात, सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडतात. कधी निवडलेला तांदूळ पुन्हा सुपात घेऊन निवडत बसतात. कोणी टोकत नाही.

जेवणाचं गणित मला आता थोडं जमलं आहे. डॉक्टरीण म्हणाली होती, आपण जिला चव म्हणतो त्यातला पुष्कळ भाग नाकाचा असतो. पण आंबट, खारट, गोड जिभेला कळतं, आणि मिरचीची आग वेगळ्या वाटेने कळते. मग मी चिंचेचं सार करते, भाजीवर कच्चा कांदा देते, लाखोळीच्या डाळीचे वडे कुरकुरीत तळते. चावताना आवाज आला की त्या खातात. मीठ मोजून, कारण त्यांना बीपी आहे. वजन साडेतीन किलोने वाढलं, तेही मी अंगणवाडीच्या काट्यावर पाहिलं.

हे वाचून कोणाला वाटेल, बरं झालं. काही बरं झालं, काही नाही. चालणं सुधारलं, बोलणं परत आलं. माझं नाव मात्र आता कधी कधी सापडत नाही, “ते अंगनवाडीवाली बाई” म्हणतात. आणि भाजीला चव नाही हे म्हणणं कधीच थांबलं नाही. मला सगळं माहीत आहे, कारण माहीत आहे, तरी ताट पुढे सरकलं की माझ्या कपाळाची शीर उडते. परवा मी बोलूनच गेले, “नाही ना चव? मंग नोका खाऊ!” त्या घाबरून माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग मुकाट्याने जेवल्या. तो दिवस मला फार वाईट गेला.

नळावर मी बायांना हे सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वास येतो का पाहा, कान पाहा, डोळे पाहा, दात पाहा. त्या ऐकतात आणि म्हणतात, “तुया सासूचं डोकं फिरलं ना?” मग मी घागर उचलून चालायला लागते.

गेल्या महिन्यात पुन्हा नागपूरला गेलो. या वेळी ताईही आली होती, साकोलीहून थेट. डॉक्टरणीने सासूबाईंना विचारलं, “आजी, काही त्रास?” त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे हात केला. “मले काई नाही. हिले पाहा. हे दिवसभर चिडते.”

ताई हसली. डॉक्टरीण हसली नाही. तिने खरंच माझ्या दंडाला पट्टा बांधला. हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. “केव्हापासून तपासलं नाहीये?”

मला आठवेना. गावातल्या सगळ्या गरोदर बायकांच्या बीपीची नोंद कुठे असते ते मला ठाऊक होतं.

“बीपी वाढलेलं आहे, रोज गोळी घ्यावी लागेल,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “आणि रोज अर्धा तास चाला. हेही पुढे मेंदूवरच जातं, लक्षात ठेवा.”

“वेळ कुठे आहे, डॉक्टर?” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढलेला मलाच ऐकू आला.

ताईने माझ्या हातातून चिठ्ठी घेतली. “मी आनतो गोळ्या. बस तू, वहिनी,” म्हणाली आणि खाली मेडिकलच्या रांगेत जाऊन उभी राहिली.